जास्वंदीची भिंत

सुपारी आधी जागच्या जागी डुलली आणि मग बावखळाकडे निघाली. विनिताने ती रस्त्याच्या मधोमध, वळणाच्या अगदी पोटात ठेवली होती. सुरुवातीला ती इतकी हळू सरकत होती की हलते आहे याची खात्री करायला डांबरातल्या एका पांढऱ्या खड्यावर नजर ठेवावी लागली. खडा ओलांडल्यावर तिचा वेग वाढला. रस्त्याच्या कडेला पोचेपर्यंत ती चांगली घरंगळू लागली होती. मग कडेच्या गवतात शिरली, उताराने खाली गेली आणि पाण्यात पडली. अगदी लहानसा आवाज झाला.

विनिताने पिशवीतून दुसरी सुपारी काढून चार पावलं पुढे ठेवली. तीही बावखळाकडेच गेली.

"रस्त्यात पूजा मांडलीस की काय?" वाडीच्या फाटकातून प्रेमलता म्हणाली. "ऊठ तिथनं. कोणीतरी येईल भरधाव."

"आई, रस्ता उलटा आहे."

"तुझे अण्णाही तसेच आहेत. ऊठ आधी, चहा गार होतोय."

विनिता उठली. ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, एव्हरशाईन सिटीत राहायची आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आधीच माहेरी आली होती. माहेर वसईच्या पश्चिमेला, वाड्यांच्या पट्ट्यात. आळीतून जाणारा हा रस्ता पूर्वी बैलगाडीची वाट होती. समोर बावखळ आलं, म्हणून वाट त्याच्या काठापाशी येऊन बाजूला वळली. बावखळ म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जिरतं, आणि समुद्र इतका जवळ असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. वाटेवर पुढे खडी पडली, मग डांबर पडलं, पण वळण बैलांनी पाडलं तसंच राहिलं. बाहेरच्या अंगाला शेजारच्या मार्सेलकाकांचं बावखळ आणि आतल्या अंगाला अण्णांची, म्हणजे श्रीरंगची वाडी.

सायकलवाला वळताना आपोआप आत कलतो. वळणावरच्या रस्त्यानेही तसंच कलायला हवं. बाहेरची कड थोडी उंच, आतली थोडी खाली. मग वाहन रस्त्याला धरून राहतं. इथे बाहेरची कडच खाली होती. विनिताला बऱ्याच वर्षांपासून तसा संशय होता, आज सुपारीने तो खरा केला.

आणि हे कोणाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नव्हतं. मागच्या डांबरीकरणाच्या वेळी सगळी आळी ठेकेदाराच्या माणसांपाशी जाऊन उभी राहिली होती आणि एकमुखाने म्हणाली होती, की उतार बावखळाकडेच काढा, पावसाचं पाणी वाया जाता कामा नये. मार्सेलकाकांनी कामगारांना चहा दिला. पाणी वाडीत तुंबणार नाही म्हणून श्रीरंगने प्रत्येकाला केळ्यांची फणी दिली. पाणी खरोखरच थेंबन् थेंब बावखळात जाऊ लागलं. पाण्यामागोमाग एक दूधवाला गेला, मग एक पाववाला, आणि नवरात्रात पाचूबंदरची ॲनी मासळीच्या खोक्यासकट गेली.

ॲनी रोज स्कूटरवरून मासळी घेऊन आळीत यायची. तिचा नेहमीचा थांबा म्हणजे प्रेमलताची पडवी. आज ती आली तेव्हा तिच्या मनगटाला अजून पट्टी होती.

"कसा आहे हात?" विनिताने विचारलं.

"हात बरा हाय. पापलेटांचं दुःख हाय," ॲनी खोकं उघडत म्हणाली. "दर्याचे पापलेट, मेल्यावर गोड्या पान्यात पोवले. मार्सेलदादा जाळी घेऊन काढत बसला. दोन नाय सापडले. कोनी खाल्ले विचारा त्याला."

"कासवांनी खाल्ले म्हणतो तो," प्रेमलता म्हणाली.

"कासव कोकम घालून खाते काय? वास माझ्या घरापर्यंत आला."

तिघी हसल्या. मग विनिताने विचारलं, "ॲनी, पडलीस ती घसरून, की समोरून कोणी आलं म्हणून?"

"समोरून रिक्षा. या भिंतीमागून एकदम आली ना! मी बाहेर दाबली गाडी, आनि गाडी थांबेचना. पान्यात जाऊनच थांबली."

विनिताने फाटकाशेजारच्या भिंतीकडे पाहिलं.

ती भिंत म्हणजे श्रीरंगच्या आयुष्यातला मोठा विजय होता. पूर्वी वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर गुडघाभर उंचीचा बांध होता आणि त्यामागे जास्वंद: लाल, गुलाबी, एक दुर्मीळ जांभळट. पहाटे फिरायला येणारी माणसं एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन येत. काठी कुत्र्यांसाठी असते असं ती सांगत, पण ती फांदी वाकवायला वापरली जाई. श्रीरंगने आधी गोड शब्दांत सांगून पाहिलं. "देवासाठीच नेतो हो," असं उत्तर आलं. मग त्याने पाटी लावली, 'फुले तोडू नयेत'. दसऱ्याच्या सकाळी कोणीतरी त्याच पाटीला त्याच्याच जास्वंदीचा हार घातला. त्या दिवशी श्रीरंग जेवला नाही. पुढच्या महिन्यात पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली, वर काचांचे तुकडे. तेव्हापासून एक पाकळी बाहेर गेली नव्हती, आणि वळणावर समोरचं काही दिसत नव्हतं.

विनिताने भिंतीचा विषय पहिल्यांदा काढला तेव्हा श्रीरंग म्हणाला होता, "दिवाळीनंतर बघू." ती दिवाळी होऊन गेली. मग ते गणपतीनंतर झालं, मग लगीनसराईनंतर, मग पुन्हा दिवाळीनंतर.

त्या दुपारी जेवायला जितेश आला. श्रीरंगच्या धाकट्या भावाचा मुलगा. आळीतल्या प्रत्येक प्रश्नावर त्याच्याकडे उपाय असायचा आणि तो अमलात आणायची घाईही असायची. वळणावर बहिर्गोल आरसा त्यानेच बसवला होता. आरशाचा उपयोग झाला नाही असं कोणी म्हणू शकत नव्हतं. लग्नाला निघालेल्या बायका तिथे रिक्षा थांबवून टिकली नीट करायच्या. एक कावळा रोज सकाळी येऊन आतल्या कावळ्याशी भांडायचा. पण त्या आरशात सगळंच बारीक दिसायचं, त्यामुळे जवळची गाडी लांब वाटायची आणि लोक बिनधास्त वळायचे.

"ताई, आता आरसा-बिरसा नाय. डायरेक्ट सोल्युशन," जितेश आमटी ओरपत म्हणाला. "शनिवारी महापालिकेच्या ऑफिसमधून इंजिनियर मॅडम येतायत बघायला. बावखळ बुजवायचं, रस्ता सरळ. सरळ रस्त्यावर कोण पडतं?"

"सरळ रस्त्यावर पडत नाहीत," विनिता म्हणाली, "आपटतात."

"म्हणजे?"

"आता वळण आहे म्हणून लोक चाळीसने येतात. सरळ केलास की साठने येतील. आणि वळण संपलं की पुढे काय आहे?"

जितेशने घास तोंडापाशी थांबवला. "शाळा."

"शाळेचं फाटक. आज तिथे सगळे हळू पोचतात ते या वळणामुळे."

"मग काय, लोकांनी पडत राहायचं?"

"पडायचं नाही. वळण ठेवायचं, उतार सुधारायचा, आणि समोरचं दिसू द्यायचं."

'दिसू द्यायचं' म्हटल्यावर श्रीरंगने भाताचा ढीग नीट गोल करायला घेतला. "विने, लोणचं सरकव."

"अण्णा, मी भिंतीबद्दल बोलतेय."

"कळलं मला. भिंत मागे घ्यायची म्हणजे कोपरा द्यायचा. कोपरा दिला की रस्ता आत येतो. जूचंद्रला माझ्या मामेभावाने कुंपण दोन हात मागे घेतलं, माणुसकी म्हणून. आज त्याच्या तुळशीपाशी रिक्षा वळतात. आणि फुलं? पहाटे पिशव्या घेऊन पलटण येईल ती? दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर बघू."

"शनिवार दिवाळीच्या आधी आहे, काका," जितेश म्हणाला.

"मग तुझं बावखळ बुजव," श्रीरंग म्हणाला, आणि लगेच त्याला ते आवडलं नाही असं दिसलं. तो पानावरून उठला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

बावखळ जितेशचं नव्हतं. संध्याकाळी विनिता मार्सेलकाकांकडे गेली. काका बावखळाच्या दगडी पायरीवर बसून लांब बांबूने पाण्यातली जलपर्णी कडेला ओढत होते. सत्तरी गाठलेला, हडकुळा, शांत माणूस. शेजारी आल्बिनाकाकी वाळत टाकलेल्या मिरच्या गोळा करत होती.

"ये बाय," काका म्हणाले. "सुपाऱ्या तूच टाकल्यास ना? दोन सापडल्या मला."

"आणि दोन पापलेट नाही सापडले," आल्बिना मागून म्हणाली. काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

विनिता पायरीवर बसली. पाणी काठोकाठ होतं. पलीकडच्या नारळाचा शेंडा त्यात उलटा दिसत होता.

"शनिवारी तुम्ही काय सांगणार, काका?"

काकांनी बांबू आडवा ठेवला. "हो म्हणून सांगणार."

"बुजवायला?"

"ॲनी पडली तेव्हा मी इथेच होतो, पंप चालू करत होतो. उडी मारली. पाणी माझ्या छातीएवढंच होतं, पण त्या क्षणी कोणाला ठाऊक? ती हसतच बाहेर आली, शिव्या देत आली. पण बाय, उद्या शाळेचं पोर असलं तर ते हसत नाही येणार. मग मी या पाण्याचं काय करू?"

"विहिरी खाऱ्या होतील. तुमची, आमची, सगळ्यांची."

"होतील."

"मग?"

"मग टँकर." काका हसले, पण पुरतं नाही. "या पायरीवरून श्रीरंगला मी ढकलला होता, ठाऊक आहे तुला? पोहायला शिकवलं म्हणतो मी. तो म्हणतो, बुडवत होता."

"तुम्ही अण्णांना भिंतीचं का नाही सांगत?"

"भिंत त्याची आहे. तू पाड असं मी कसं म्हणू? बावखळ माझं आहे, ते मी देऊ शकतो." त्यांनी पुन्हा बांबू उचलला. "पूर्वी तो पडवीत बसला की इथून दिसायचा. हात करायचा. चहा झाला का, जेवण झालं का, सगळं हातानेच. आता फोन करावा लागतो, आणि फोनवर दोघांनाही ऐकू येत नाही."

घरी परतताना विनिता वळणावर थांबली. भिंतीवर, स्कूटरच्या मुठीच्या उंचीवर, आडवे ओरखडे होते: लाल, निळा, दोन रुपेरी. त्याच उंचीवर माणसाची कोपरं असतात. तिने ते बोटाने चाचपले आणि आत गेली.

सकाळी तिने श्रीरंगला चहाबरोबरच सांगितलं, "अण्णा, अर्धा तास द्या. भिंतीबद्दल एक शब्द बोलणार नाही. फक्त उभं राहायचं."

"उभं राहायचे पण धडे असतात तुमच्या कॉलेजात?"

तरी तो आला. विनिताने त्याला वळणाच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला उभं केलं. प्रेमलताला वळणाच्या पलीकडे पाठवलं. ॲनी नेमकी त्याच वेळी आली. काय चाललंय हे कळल्यावर तिने स्कूटर बाजूला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हात दाखवून थांबवायचं काम आपणहून घेतलं. ते ती इतक्या अधिकाराने करत होती की एक टेम्पोवाला तिला साहेब म्हणून गेला.

"आई दिसते का?" विनिताने विचारलं.

"नाही. आवाज येतोय."

पलीकडून प्रेमलताचा आवाज खरंच येत होता. ती कोणाला तरी चकल्या बिघडल्याचं सांगत होती.

"आता हळूहळू पुढे या. आई दिसली की थांबा."

श्रीरंग चालू लागला. भिंतीच्या बाजूने चार पावलं, मग आणखी चार. चकल्यांमध्ये मोहन कमी पडलं होतं हे स्पष्ट ऐकू आलं. भिंत संपत आली, आणि एकदम प्रेमलता समोर दिसली. इतकी जवळ की तिच्या हातातली पिशवी कोणत्या दुकानाची आहे ते वाचता आलं.

तो थांबला. विनिताने त्याच्या पायापाशी सुपारी ठेवली. टेप धरायला ॲनी धावत आली.

"तेरा मीटर," विनिता म्हणाली. "चाळीसने येणाऱ्या स्कूटरला दिसल्यापासून थांबेपर्यंत पंचवीसेक मीटर लागतात. ब्रेक चांगले असले, रस्ता कोरडा असला तर."

श्रीरंगने मनात हिशेब केला. तो त्याच्या चेहऱ्यावर दिसला. त्याने प्रेमलताच्याही पुढे, जिथे स्कूटर खरोखर थांबली असती त्या जागेकडे पाहिलं.

"काय झालं?" प्रेमलता म्हणाली. "माझ्याकडे असं काय बघताय?"

"काही नाही," तो म्हणाला. "रस्त्याच्या कडेने उभी राहा जरा."

"अवं, ती कडेलाच हाय," ॲनी म्हणाली.

विनिताने दिलेला शब्द पाळला. भिंतीबद्दल ती काही बोलली नाही. तिने फक्त वाडीतून चाफा काढायच्या दोन आकड्या आणल्या, लांब बांबूच्या, टोकाला हूक असलेल्या. एकीला खुणेसाठी प्रेमलताच्या जुन्या लाल साडीचा तुकडा बांधला आणि दोघींच्या टोकांमध्ये दोरी. मग पंचवीस मीटर मोजून एक आकडी अलीकडे आणि एक पलीकडे, स्कूटरवाल्याचा डोळा असेल त्या जागी, पण भिंतीच्याही वर उंच धरायला लावली. दोरी भिंतीवरून वाडीत गेली आणि ताणल्यावर नजरेच्या रेषेसारखी सरळ झाली.

आता श्रीरंग आपणहून धावत फाटकातून आत गेला. कोपऱ्यामागेच त्याचे तीन सोनचाफे होते, स्वतः कलम करून लावलेले. इतकी वर्षं 'भिंत' हा शब्द ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे या तीन झाडांवर कुऱ्हाड यायची. आत जाऊन त्याने वर पाहिलं. दोरी भिंतीच्या वरून येत होती, जास्वंदीच्या शेंड्यांतून जात होती आणि पुन्हा भिंतीवरून बाहेर पडत होती. पहिला सोनचाफा दोरीपासून चांगला हातभर आत होता.

"विने!" त्याने आतून हाक मारली. "चाफ्याला लागत नाही ही."

"नाही लागत."

"मग भिंत किती मागे घ्यायची?"

"तुम्हीच विषय काढलात हं," विनिता भिंतीपलीकडून म्हणाली. "मागे घ्यायचीच नाही, अण्णा. खाली घ्यायची. जिथे आहे तिथेच, गुडघ्याएवढी. जागा तुमचीच, कुंपण तुमचंच. लोकांना फक्त वरून पलीकडचं दिसू द्यायचं."

आतून जास्वंदीच्या फांद्या हलल्याचा आवाज आला.

"आणि जास्वंद?"

"ती विहिरीकडे लावू. इथे अबोली लावा, गुडघ्याच्या वर जात नाही."

"आणि लोक?"

विनिताला खोटं बोलता यायचं नाही. "लोक फुलं नेतील, अण्णा."

आतून उत्तर आलं, "बघू."

"दिवाळीनंतर?" प्रेमलताने विचारलं.

त्या दिवशी उन्हं उतरताना प्रेमलता फुलांची परडी घेऊन वाडीत गेली, तर चाफ्याची शिडी भिंतीला लावलेली आणि श्रीरंग वरच्या पायरीवर उभा. काचांपासून हात जपून तो भिंतीपलीकडे पाहत होता. पलीकडे बावखळाच्या पायरीवर मार्सेल बसला होता. थोड्या वेळाने मार्सेलने मान वर केली, भिंतीवर उगवलेलं डोकं पाहून दचकला, आणि मग हात वर करून पाच बोटं एकत्र तोंडाकडे नेली. जेवलास का? श्रीरंगने हाताने सांगितलं, नाही, चहा. मार्सेलने बावखळाकडे बोट दाखवलं आणि तळहात आडवा फिरवला. ती खूण श्रीरंगला कळली नाही. त्याने पुन्हा विचारलं. मार्सेलने पुन्हा तळहात फिरवला, सपाट, जमीन सारवल्यासारखा, आणि खांदे उडवले.

श्रीरंग खाली उतरला.

"मार्सेल म्हातारा झालाय गं," तो म्हणाला.

"तुम्हीही झालाय," प्रेमलता म्हणाली. "पण त्याला ते बघायला मिळत नाही. तुम्ही शिडीवर चढाल तेव्हाच."

श्रीरंगने शिडी उचलून खांद्यावर घेतली. मग का कोण जाणे, ती परत तिथेच भिंतीला लावून ठेवली.

शनिवारी इंजिनियर मॅडम आल्या त्या वेळेवर आल्या, त्यामुळे आळीची जराशी धांदल उडाली. तरतरीत, उन्हाने रापलेल्या, पायात बूट. त्यांनी येताच आधी वळणावरून दोनदा चालत फेरी मारली. जितेश त्यांच्याबरोबर उलटा चालत माहिती देत होता. बघ्यांमध्ये पहाटेच्या फिरायच्या पलटणीतले तिघेजण होते, ॲनी होती, आणि आल्बिनाकाकीने सगळ्यांसाठी चहा आणला होता. मार्सेलकाका इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला उभे होते, चर्चला निघाल्यासारखे. श्रीरंग फाटकात.

मॅडमनी उतार मोजायला पट्टी काढली. विनिताने खिशातली सुपारी पुढे केली. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, सुपारी रस्त्यावर ठेवली, ती कुठे जाते ते पाहिलं आणि हसल्या.

"उलटा आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे आमच्या हातातलं काम आहे. बाहेरची कड उचलता येईल."

"आणि पाणी?" चहाचा कप धरून श्रीरंगने विचारलं.

"खालून मोरी टाकू. पाणी बावखळातच जाईल, फक्त गाड्या जाणार नाहीत."

बघ्यांमध्ये समाधानाची कुजबुज झाली. ॲनी म्हणाली, "मग माझे दोन पापलेट मोरीतून परत येतील काय बघा."

"पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. त्या भिंतीपाशी गेल्या, ओरखड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. "समोरचं दिसलं पाहिजे. ही भिंत खासगी आहे, जागेवर बरोबर आहे, मी पाडा म्हणून सांगू शकत नाही. आणि दिसणार नसेल तर मग वळण ठेवून उपयोग नाही. मला सरळ रस्ताच सुचवावा लागेल." त्यांनी बावखळाकडे पाहिलं. काठोकाठ पाणी, पायरीवर रचलेली जलपर्णी, एक कासव दगडावर उन्हात. "सुचवायला आवडणार नाही. पण लागेल."

"तेच मी म्हणत होतो," जितेश म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. त्याने शाळेच्या दिशेला एकदा पाहून घेतलं होतं.

"बावखळ कोणाचं आहे?"

"माझं," मार्सेलकाका म्हणाले आणि एक पाऊल पुढे आले. त्यांनी शर्टाची बाही उगाचच सारखी केली. "मॅडम, मी आणि आल्बिना बोललो घरी. कोणाचं पोर पडण्यापेक्षा..."

श्रीरंगच्या डोळ्यांपुढे तो सपाट फिरलेला तळहात पुन्हा आला. त्याला ती खूण आता कळली.

"थांब रे मार्सेल," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. श्रीरंगने चहाचा कप भिंतीवर ठेवायला हात वर नेला. भिंत उंच होती आणि वर काचा होत्या. कप ठेवायला जागा नव्हती. त्याने तो प्रेमलताच्या हातात दिला.

"लहानपणापासून हा मला मध्येच ढकलतो," तो मॅडमना म्हणाला. "आता नाही ढकलू देणार. बावखळ राहू दे." मग तो पलटणीतल्या तिघांकडे वळला. त्यांच्यातल्या एका बाईंनी हातातली प्लास्टिकची पिशवी घाईघाईने पदराआड केली. "लपवू नका काकू, लागेल ती. पुढच्या ओळीतली फुलं तुमची, चाफ्याला हात लावायचा नाही." त्याने तळहाताने भिंत थोपटली, विजयाला निरोप द्यावा तशी, आणि विनिताकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"जितेश, गवंड्याला फोन लाव. ही भिंत गुडघ्याएवढी करायची. दिवाळीनंतर नाही, आधी."